विश्वासाचे वजन

भिन्न भाषांचे व चालीरीतींचे लोक एके ठिकाणी आले म्हणजे परस्परांवरील विश्वास उणावतो, असे पुष्कळदा म्हटले जाते. अमेरिकेतील रॉबर्ट पुटनम ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही सरमिसळ वस्तीत शेजाऱ्यांवरचा विश्वास कमीच आढळला. परंतु दीर्घ काळात अशा समाजांत नवी एकी घडते, असेही त्यांनीच नमूद केले. ही एकी आपोआप होत नाही. ती कशाने होते, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्यातला मोलगीचा आठवडे बाजार पाहा. भिल्ल व पावरा कुटुंबे डोंगरातून आमचूर घेऊन उतरतात. कैरी सोलायची, चिरायची, उन्हात वाळवायची, ह्यात अख्खे घर राबते. अवकाळी सर आली की फोडी काळवंडतात व भाव उतरतो. माल पांढरा की काळपट आणि वजन किती, हे बहुधा घेणाराच सांगतो. देणाऱ्याला ते पडताळता आले नाही की संशय उपजतो. बोली निराळी असल्याने तो वाढतो, पण त्याचे मूळ व्यवहारात असते.

शहादे तालुक्याचा इतिहास हेच सांगतो. कर्जापायी व कागदांपायी आदिवासींच्या जमिनी इतरांकडे गेल्या. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींसारख्या आदिवासी पुढाऱ्याबरोबर तीत शहरांतून आलेले बिगर-आदिवासी तरुणही होते. परके असूनही त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसला, कारण मजुरीचा व जमिनीचा लढा त्यांनी खांद्याला खांदा लावून लढला. आदिवासींच्या जमिनी परत देण्याविषयीचा राज्याचा कायदा १९७४ चा आहे. समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य व कायद्याचा पाठिंबा असल्यास सहवासातून पूर्वग्रह कमी होतो, असे गॉर्डन ऑलपोर्ट ह्यांनी १९५४ सालीच मांडले होते.

तेव्हा आपण पेठेतील माणसांनी काय करावे? काटा दोन्ही बाजूंस दिसेल असा ठेवावा, भाव फळ्यावर लिहावा, पावती द्यावी आणि ती गिऱ्हाइकाच्या बोलीत वाचून दाखवावी. डोंगरातला हाच माणूस ऊसतोडीला गुजरातेत गेला, की तेथे तो परका ठरतो. मुकादमाने दिलेली उचल किती फिटली, हे तोही विचारतोच. त्याला तेथे मिळावा असे आपणांस वाटते, तोच चोख हिशेब आपण त्याला येथे द्यावा.