लाल थेंब आणि लाज

घोडेगावच्या कांदा मार्केटात दिवसभर बसून कांदा निवडणाऱ्या बायका पाणी मोजकंच पितात, कारण जवळ संडास नसतो. मग शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं आणि एके सकाळी पांढऱ्या फरशीवर लालभडक थेंब दिसतात. दुखत काहीच नाही, म्हणून घरात कुणाला सांगितलंही जात नाही.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. कुंथून त्या फुगतात, खाली सरकतात, कठीण मलानं खरचटतात. हीच मूळव्याध. तेव्हा उपचार मल मऊ करण्यापासूनच सुरू होतो: बाजरीची भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी, रात्री इसबगोल, तोही पेलाभर पाण्यासोबतच, कोरडा घेतला तर घशात अडकतो. पसरट टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसलं की आग शमते. संडासात उगाच जास्त वेळ बसणं होऊ नये म्हणून मोबाइल तिथे नेऊ नका. मूळव्याधीच्या मोडावर चुना किंवा क्षार तर मुळीच लावू नका, कातडी भाजते.

आठवड्यात रक्त थांबलं नाही, शौच डांबरासारखी काळी झाली, वजन घटलं किंवा वय पंचेचाळिशीपुढे असेल, तर तपासणी करून घ्याच. आतड्याच्या कर्करोगातही असंच रक्त जातं. रक्त धो-धो वाहिलं, चक्कर आली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.