मजुरीचे माप कोणाच्या हाती?

मुंबईच्या गिरणी कामगाराच्या पोटात किती धान्य जाते, याचा सरकारी हिशेब १९२३ मध्ये छापून आला. मुंबई सरकारने दोनच वर्षांपूर्वी, १९२१ मध्ये, कामगार कचेरी उघडली होती आणि फिंडले शिरास तिचे प्रमुख होते. कचेरीच्या माणसांनी गिरणगावातल्या कुटुंबांचे जमाखर्च मांडले. धान्य किती, डाळ किती, भाडे किती, सावकाराचे व्याज किती, हे सगळे लिहून घेतले. त्यातून निघालेला निष्कर्ष आज वाचतानाही अंगावर येतो. दुष्काळी कामांवरच्या मजुराला सरकारी संहितेने जेवढा जास्तीत जास्त शिधा ठरवला होता, जवळपास तेवढेच धान्य गिरणी कामगाराच्या वाट्याला येत होते. मुंबईच्या तुरुंग नियमावलीने कैद्याला जो शिधा नेमून दिला होता, तो मात्र याहून जास्त होता.

हे कोणा चळवळ्याने नव्हे, सरकारनेच सरकारी कागदावर लिहिले होते. गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रात मजुरीवर जे वाद झाले, त्यांच्याकडे मागे वळून पाहताना मला या अहवालापासूनच सुरुवात करावीशी वाटते. मजुरी किती असावी या भांडणाच्या पोटात दुसरे भांडण कायम होते. महागाई मोजायची कोणी, कशाने, आणि त्या मोजणीशी मजुरी बांधायची की नाही? ज्यांच्या मजुरीला हे बांधलेपण मिळाले ते तगले. ज्यांना मिळाले नाही, त्यांची मजुरी एका पैशानेही कमी न करता दरवर्षी कापली गेली.

कामगार कचेरी निघाली तीसुद्धा संपांच्या रेट्यामुळे. पहिल्या महायुद्धात धान्य आणि कापड महागले, गिरण्यांचे नफे फुगले, आणि १९१९ च्या जानेवारीत लाखभर कामगार बाहेर पडले. पुढच्याच वर्षी पुन्हा मोठा संप झाला. मालकांनी वाढ दिली, पण मूळ दराला हात न लावता. दरावर महागाईचे म्हणून टक्के चढवत नेले आणि १९२० पर्यंत ते सत्तर-ऐंशी टक्क्यांवर गेले. ही युक्ती समजून घ्यायला हवी. वरून चढवलेले उतरवता येते. १९२५ मध्ये मालकांनी साडेअकरा टक्के कपात जाहीर केली तेव्हा ती या भत्त्यातूनच होती. कामगार पुन्हा बाहेर पडले. सरकारने कापडावरचा अबकारी कर स्थगित केला, तेव्हा कुठे कपात मागे घेतली गेली. १९२८ चा सहा महिन्यांचा संप, त्यातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन, हा इतिहास बहुतेकांना माहीत आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर महागाई भत्त्याचा प्रश्न पुन्हा पेटला आणि १९४० च्या मार्चमध्ये त्यावर संप झाला. या सगळ्या झगड्यांतून मुंबईच्या गिरण्यांत एक मोठी गोष्ट हळूहळू रुजली : भत्ता निर्देशांकाला बांधला गेला. कामगार कचेरी दरमहा आकडा काढणार आणि त्याप्रमाणे भत्ता हलणार. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने किमान मूळ वेतन ३० रुपये ठरवले आणि भत्ता त्यावर वेगळा. देशात त्या काळी फार थोड्या कामगारांच्या नशिबी असा करार होता.

मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर तलासरी तालुक्यातल्या झरी गावात १९४५ च्या मे महिन्यात पाच हजार वारली जमले होते. दिवसाला बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल ठेवायचे नाही, असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये त्या लढ्याची हकिगत सांगितली आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गिरणीतल्या कामगाराचा भत्ता दर महिन्याला निर्देशांक ठरवत होता. वारल्यांना बारा आण्यांसाठी रक्त सांडावे लागले, आणि ते मिळाल्यावर भाव वाढले तर पुढे काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

१९४८ चा किमान वेतन कायदा खरे तर याच माणसांसाठी होता, संघटना नसलेल्यांसाठी. परिशिष्टात नोंदलेल्या धंद्यांत सरकारने दर ठरवायचे आणि जास्तीत जास्त पाच वर्षांनी त्यांचा फेरविचार करायचा. कायदा चांगलाच होता, पण दर कशाच्या आधारे ठरवायचा हे त्यात लिहिलेले नव्हते. ती पोकळी १९५७ च्या जुलैत पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने भरली. गुलझारीलाल नंदा तेव्हा श्रममंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार तिघांनी मिळून मान्य केले की एका कमावत्याच्या कुटुंबात तीन उपभोग एकके, म्हणजे तीन प्रौढांचे खाणे धरायचे, आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉईड यांच्या शिफारशीप्रमाणे प्रत्येकी २,७०० कॅलरी, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक गृहयोजनेतल्या किमान जागेचे भाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. मला हा ठराव फार मोलाचा वाटतो. मालकाला काय परवडते यापासून न निघता त्याने हिशेबाची सुरुवात कामगाराच्या ताटापासून केली. पण तो ठराव होता, कायदा नव्हता. दोनच वर्षांत दुसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाने हे प्रमाण मानायला नकार दिला.

न्यायालये मात्र ठाम राहिली. किमान वेतन देता येत नसेल तर त्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच म्हटले. 'परवडत नाही' या तक्रारीला याहून सरळ उत्तर मी वाचलेले नाही.

मग १९६३ साल आले. भत्ता निर्देशांकाला बांधलेला, म्हणजे आता सगळा जोर त्या आकड्यावर. बाजारात भाव भडकत होते आणि मुंबईचा निर्देशांक त्या वेगाने हलत नव्हता. संघटनांनी उघड आरोप केला की आकडाच चुकीचा आहे. महाराष्ट्र सरकारने मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीस वर्षांपूर्वीच्या पायावर उभा असलेला निर्देशांक प्रत्यक्ष महागाईपेक्षा कमी आकडा दाखवत होता, हे समितीने मान्य केले आणि दुरुस्ती सुचवली. ही घटना कामगार चळवळीच्या इतिहासात दोन ओळींत उरकली जाते, याचे मला दुःख आहे. गिरणगावातल्या माणसांनी संख्याशास्त्रातला एक किचकट वाद रस्त्यावर आणला आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. निर्देशांकातला एकेक अंक म्हणजे लाखो घरांतले पैसे, हे त्यांना कोणा तज्ज्ञाने शिकवले नव्हते.

तेच शहाणपण दहा वर्षांनी बायकांनी दाखवले. १९७२ च्या दुष्काळात रॉकेल, गोडेतेल, साखर, रवा काही मिळेना. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतरांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि लाटणी हातात घेऊन हजारो बायका मुंबईच्या रस्त्यांवर उतरल्या. यातल्या बहुतेकींचे नाव कुठल्या पगारपत्रकावर नव्हते. पण महिन्याच्या कुठल्या तारखेला पगार संपतो, हे मंत्रालयापेक्षा त्यांना जास्त अचूक ठाऊक होते.

त्याच दुष्काळातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हमीवरची मजुरी मोजमापावर, म्हणजे किती माती उपसली त्यावर. दर असे बेतायचे की साधारण माणसाने सात तास नेटाने काम केले तर शेतमजुराचे किमान वेतन हाती पडावे. यामुळे शेतमजुराला पहिल्यांदा एक आधार मिळाला. पाटलाने कमी दिले तर हमीच्या कामावर जाता येत होते. कागदावरच्या किमान वेतनात जीव आला तो असा.

१९८८ मध्ये शेतीतले किमान वेतन एकदम दुप्पट झाले आणि हमीची मजुरीही. त्यानंतर जे घडले ते वेतनवाढीच्या विरोधकांचे आवडते उदाहरण आहे. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी केलेल्या अभ्यासात दिसले की दर वाढल्यावर हमीच्या कामावरची हजेरी अपेक्षेपेक्षा घसरली. मागेल त्याला काम ही हमी ढिली पडली आणि कामे वाटून, अडवून दिली जाऊ लागली. हा अभ्यास मी नाकारत नाही. पण तो नेमके काय सांगतो? मजूर कामाला यायला तयार होते. सरकारने तेवढी कामे काढली नाहीत. मजुरी वाढवून तरतूद त्या प्रमाणात वाढवायची नाही आणि मग मजुरीकडे बोट दाखवायचे, हा अर्थशास्त्राचा नियम नव्हे, तो अर्थसंकल्पातला निर्णय होता. आणि मुळात दर एका झटक्यात दुप्पट करण्याची वेळ का आली? मधल्या वर्षांत तो महागाईबरोबर हलत राहिला असता तर एवढी उडी मारावीच लागली नसती.

मुंबईत तोवर गिरण्यांचा संप होऊन गेला होता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. भत्ता वाढत होता, पण मूळ वेतनाचा सांगाडा बराचसा १९४७ च्या निवाड्याचाच होता. हा संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. त्याच्या राजकारणावर भरपूर लिहून झाले आहे. मला त्यातला एकच धागा इथे धरायचा आहे. कापड विणणे थांबले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले, आणि जाताना निर्देशांकाला बांधलेला भत्ता मागे मुंबईतच राहिला.

यंत्रमागावर मजुरी पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबाने, मीटरमागे पैशांत. बारा-बारा तासांची पाळी आणि हजेरीपत्रकाचा पत्ता नाही. मागवाला, कांडीवाली, वहिफणीवाला, जॉबर प्रत्येकाचा दर वेगळा आणि प्रत्येकाचे भांडण वेगळे. इचलकरंजीत २०१३ मध्ये यंत्रमाग कामगारांचा आणि २०१५ मध्ये सायझिंग कामगारांचा संप लांबला. सायझिंगवाल्यांची मागणी काय होती, तर सरकारनेच जाहीर केलेले सुधारित किमान वेतन द्या. जाहीर झालेला दर मिळवण्यासाठी संप करावा लागतो, यातच सगळे आले.

ऊसतोड कामगाराची गोष्ट आणखी कठीण आहे. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून दिवाळीच्या सुमारास निघणारी जोडपी, दोघे मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत टनामागे कापत राहायची. टनाचा दर कारखाने आणि संघटना यांच्यातल्या लवादात काही वर्षांसाठी ठरतो. २०२० मध्ये तो १४ टक्क्यांनी वाढून २७३ रुपये झाला आणि २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्क्यांनी वाढून ३६६. चौतीस टक्के ऐकायला भरघोस वाटते. पण मधली वर्षे करोनाची आणि त्यानंतरच्या महागाईची होती. या वर्षांत गॅस, तेल, औषधे महागत गेली आणि दर जागेवर होता. तेवढा फरक उचलीत चढला आणि पुढच्या हंगामाच्या गळ्यात पडला.

न्यायालये मात्र पुढेही ठाम होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करवून घेणे ही घटनेने बंदी घातलेली वेठबिगारीच आहे. तिथे दर दिवसाला ९ रुपये २५ पैसे होता आणि त्यातला एक रुपया जमादार कापून घेत होता. पुढे रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात न्यायालयाने १९५७ च्या यादीत मुलांचे शिक्षण, दवाखाना, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. तो खटलाही मुळात महागाई भत्त्याचाच होता. कंपनीला जुनी भत्त्याची पद्धत मोडायची होती आणि न्यायालयाने ती मोडू दिली नाही.

केंद्राच्या रोजगार हमीची मजुरी २००९ मध्ये किमान वेतनापासून तोडली गेली आणि २०११ पासून शेतमजुरांच्या निर्देशांकाला बांधली गेली. बांधली हे चांगले झाले. पण कशाला? त्या निर्देशांकाचा पाया १९८६-८७ चा आणि त्यातले खर्चाचे वजन १९८३ च्या पाहणीतले होते. १९८३ मध्ये मजुराच्या घरात मोबाइलचे रिचार्ज नव्हते आणि मुलांच्या शिकवणीची फी नव्हती. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी ही मजुरी ३१२ रुपये ठरली. त्या निर्देशांकाचा पाया बदलायला २०२५ साल उजाडावे लागले. लकडावालांनी साठीच्या दशकात दाखवलेली चूक खेड्यातल्या मजुराच्या बाबतीत इतकी वर्षे तशीच चालू होती.

२०१९ मध्ये अनूप सत्पथी यांच्या समितीने देशासाठी दिवसाला ३७५ रुपयांची पायाभूत मजुरी सुचवली. तिने कॅलरी २,७०० वरून २,४०० वर आणल्या, पण प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ मोजले आणि कुटुंबातली उपभोग एकके ३.६ धरली. त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय पायाभूत मजुरी १७६ रुपयांवरून १७८ केली. दोन रुपयांची वाढ! त्याच वर्षी वेतन संहिता संसदेत मंजूर झाली आणि ती अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ ला. फेरविचाराची कमाल मुदत तिच्यातही पाच वर्षेच आहे.

संहितेच्या २०२० मधल्या मसुदा नियमांत १९५७ चे निकष परत आले, हे स्वागतार्हच आहे. २,७०० कॅलरी आहेत, शिक्षण-औषधाचे २५ टक्के आहेत, आणि कापड ६६ मीटर, म्हणजे तेच ७२ वार. भाड्याच्या रकान्यात मात्र लिहिले आहे : अन्न आणि कपड्यांवरच्या खर्चाच्या १० टक्के. समजा चौघांच्या घराचा अन्न-कपड्यांचा खर्च महिन्याला दहा हजार धरला, तर भाडे एक हजार. मुंबईत, ठाण्यात, पुण्याच्या भोसरीत किंवा भिवंडीच्या लूमजवळ या पैशांत कुटुंबाला कुठली खोली मिळते? १९२३ मध्ये कामगार कचेरीच्या लोकांनी भाड्याचा आकडा कुटुंबांना विचारून लिहून घेतला होता. आज राज्याच्या श्रम विभागाने तेच करावे. गोवंडी, कळवा, भोसरी, इचलकरंजीत जाऊन खोलीचे भाडे, पागडी, पाण्याचे आणि विजेचे पैसे नोंदवावेत. टक्केवारी त्यातून काढावी आणि राज्याचे पुढचे दर ठरवण्याआधी ती जाहीर करावी.