निर्जला एकादशी आणि हृदयरोग्याची तहान

ज्येष्ठ शुद्ध एकादशी ती निर्जला. क्षुधा न सोसणाऱ्या भीमसेनास व्यासमहर्षींनी वर्षातून हे एकच व्रत सांगितले, अशी कथा आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात हे दिवस रणरणत्या उन्हाचे. तलावांच्या या मुलखातील तलावही तेव्हा तळ दाखवू लागतात. उदककुंभाचे दान करावे, तृषार्तास विन्मुख पाठवू नये, हे आम्ही ४० वर्षे कीर्तनातून सांगत आलो. त्याच मुखाने आम्हांस आमच्या थोरल्या बंधूंना पाणी नाकारावे लागले.

त्यांचे हृदय दुर्बल झाले होते. पाय सुजलेले, रात्री उताणे निजवत नसे आणि जिभेला मात्र अखंड कोरड. दिवसाकाठी दीड लिटर, ही वैद्यांची मर्यादा. एका मध्यरात्री ते देवघरातील कलश तोंडाला लावताना दिसले. आम्ही तो काढून घेतला. त्या वेळची त्यांची दृष्टी अद्याप विसरवत नाही.

अंगात पाणी साठले असता तहान का लागावी? हृदयाचा जोर ओसरला की मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोहोचते. शरीरातील पाणीच आटले, असा त्यांचा समज होतो. मग मीठ व पाणी धरून ठेवणारे स्राव सुटतात आणि तेच मेंदूत तहान चेतवितात. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी ती आणखी बळावते. चरकाचार्यांनी तृष्णेचे पाच प्रकार सांगितले. त्यांतील एक उपसर्गजा, म्हणजे दुसऱ्या व्याधीच्या पाठोपाठ येणारी. बंधूंची तहान या जातीची होती. ते हावरेपण नव्हते. हे आम्हांस उशिरा उमगले.

नेदरलँड्समधील ५०४ रुग्णांवरील एक चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना दीड लिटरच्या बंधनाने तीन महिन्यांत ठळक लाभ दिसला नाही. तहानेचा जाच मात्र वाढला. म्हणून सूज वा धाप असलेल्याने आपल्या मनाने बंधन तोडू नये. डॉक्टरांना मात्र अवश्य विचारावे. वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले, तर विलंब नको. आणि उपवासाचे सैंधव हेही मीठच, हे गृहिणींनी ध्यानी धरावे. खारट फराळाने तहान दुणावते.

अशा रुग्णाने निर्जला करूच नये. जल आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही, असे शास्त्रवचन आहे. मग गोळी चुकविण्याचे पुण्य कोठले? निर्जलेतही आचमन वर्ज्य नाही आणि आचमनाचे माप उडदाचा दाणा बुडेल एवढेच. हे स्मरून आम्ही पुढे बंधूंचे दिवसाचे पाणी सकाळीच मोजून तांब्यात भरून ठेवू लागलो आणि शेजारी पळी-पंचपात्र. मधूनच ते चूळ भरीत, वेलदोडा चघळीत, पळीभर पाणी जिभेवर घोळवीत. सायंकाळी तांब्यात डोकावून हसून विचारीत, “आज किती आचमने उरली रे?”