स्त्रियांचा मूतखडा आणि शस्त्राची वाट

स्त्रीच्या ओटीपोटांत कळ आली, कीं घरांतील वडील मंडळी ती विटाळशीपणाच्या खात्यावर टाकून मोकळी होतात. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागांत खडा अडकला तरी कळ तेथेंच येते, जांघेकडे उतरते, आणि लघवीस वारंवार जावेंसें वाटतें. आमच्या पिंपळगांव बसवंतास द्राक्षांच्या हंगामांत बागेंत राबणाऱ्या किती तरी बायका आडोशाअभावीं दिवसभर पाणी टाळतात. तेव्हां हा विषय येथें परका नव्हे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत, सातव्या अध्यायांत, अश्मरीचें शस्त्रकर्म आहे. तें मूत्राशयांतील खड्याचें खरें. परंतु ग्रंथकार स्त्रियांसाठीं मुद्दाम थांबतो. गर्भाशय मूत्राशयास लागून असल्यानें शस्त्राची दिशा बदलावी, एरव्हीं मूत्र स्रवणारा व्रण मागें राहील, असें तो बजावतो. ही सावधगिरी मला अपूर्व वाटते.

मूत्रवाहिनी सुमारें २५ सेंटिमीटर लांब. स्त्रीशरीरांत तिचा शेवटचा भाग गर्भाशयाच्या धमनीखालून, योनिमार्गाच्या माथ्याजवळून जातो. पोट उघडून तेथवर पोंचणें जिकिरीचें. उलट, अगदीं खालीं बसलेला मोठा खडा कधीं कधीं योनिमार्गांतून बोटास लागे, आणि शल्यवैद्य तेथूनच छेद घेऊन तो काढीत. पोटावर व्रण नसे. पण मूत्र झिरपत राहण्याची सुश्रुताची भीति येथेंही होतीच.

स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर. म्हणून आंखूड दुर्बीणही त्यांतून मूत्रवाहिनींत शिरूं शकते. १९७८ सालीं लायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्त्रियांवरील अशा तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आतां त्याच वाटेनें लेसरचा तंतु नेऊन खडा फोडतात. छेद बहुधा लागतच नाहीं.

५ मिलिमीटरपर्यंतचा खडा पुष्कळदां आपोआप पडतो. मात्र वाट पाहणें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं असावें. कळ थांबली म्हणजे खडा गेलाच असें नव्हे. मूत्र तुंबून मूत्रपिंड मुकाट्यानें निकामी होऊं शकतें. कुळथाच्या काढ्यावर माझा राग नाहीं, परंतु अडकलेल्या मोठ्या खड्यासाठीं त्यावर महिना घालवूं नये. थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तेव्हां प्रथम तुंबलेल्या मूत्रास वाट करून देतात, खडा मागाहून. गर्भवतीची तपासणी प्रथम सोनोग्राफीनें होते, हें आधींच सांगितलें म्हणजे सासूबाईंची क्ष-किरणांची धास्ती ओसरते.

शस्त्रक्रियेनंतर आंत बहुधा एक मऊ नळी ठेवतात. ती काढण्याची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर तेव्हांच लिहावी. विसरलेल्या नळीवर नवे खडे धरतात.