कर्त्या पुरुषाचं टेन्शन
(लेखमाला ‘मन आणि मर्दानगी’ : लेखांक ४)

‘मुलीसारखा रडतोस काय?’ हे ऐकत वाढणाऱ्या मुलाबद्दल मागच्या आठवड्यात लिहिलं. तो आता चाळिशीचा झालाय असं धरू. अमरावती-यवतमाळकडे त्याची कोरडवाहू शेती आहे, कापूस नि सोयाबीन. सातबारा त्याच्या नावावर, पीककर्जही त्याच्याच. सावकाराकडून किती उचलले, हे मात्र बायकोला ठाऊक नाही. विदर्भातल्या आत्महत्यांबद्दल लिहिणाऱ्यांनी हे पुन्हापुन्हा नोंदवलंय : कर्जाचा खरा आकडा अनेक बायकांना कळतो तो नवरा गेल्यावर, घेणेकरी दारात आले की.

२०२२मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत शंभरातले जवळपास ७२ पुरुष होते. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला. कर्ज, नापिकी, आजारपण ही कारणं खरीच. पण त्यांची झळ घरातल्या बाईलाही लागते. मग फरक कुठे पडतो?

मानसशास्त्रज्ञ वाय. जोएल वाँग आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली, मर्दानगीच्या रूढ कल्पना आणि मानसिक आरोग्य यांचं नातं तपासणाऱ्या, एकोणीस हजारांहून अधिक लोकांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. सहभागी बहुतांश अमेरिकेतले, तेव्हा तो जपूनच वाचायला हवा. पण त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. कामाला सर्वांत वरचं स्थान देण्याचा मानसिक त्रासाशी ठळक संबंध दिसला नाही. जास्त त्रास दिसला तो ‘माझं मी बघून घेईन, कुणाची मदत नको’ म्हणणाऱ्यांत, आणि बायकांवर सत्ता गाजवू पाहणाऱ्यांत. म्हणजे राबण्याचा अभिमान तितकासा घातक नाही. एकट्यानेच ओझं वाहण्याचा हट्ट घातक आहे.

असा माणूस ‘मला उदास वाटतं’ म्हणत नाही. तो पोरांवर खेकसतो, रात्रभर कूस बदलतो, दारू वाढवतो. विचारलं तर ‘काही नाही जी, जरा टेन्शन हाय’. दवाखान्यात गेलाच तर अंगदुखी सांगतो आणि सलाईन लावून घरी येतो. नैराश्य कुणाच्या ध्यानातच येत नाही.

नोव्हेंबरात पुरुष दिन आला की ‘पुरुषांनो, बोला’ असे संदेश फिरतात. बोलावं खरं, पण कुणाशी? तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसतो, आणि जिल्ह्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने याच्या उलट वाट धरली. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवलं, गरज पडली तर समुपदेशक आणि डॉक्टर. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. हे आकडे स्त्री-पुरुष दोघांचे आहेत, पण मदत मागायला लाजणाऱ्याच्या दारी ती आपण होऊन गेली, ही यातली खरी युक्ती.

सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आधाराची विनामूल्य फोन-सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. मराठीतही बोलता येतं.

(पुढील आठवड्यात : दारू आणि दोस्ती)