टोचणे, गोंदणे आणि आईबापांचा होकार

पंधरा वर्षांची मुलगी एके दिवशी जेवताना सहज म्हणते की, तिला कानाच्या वरच्या कडेला आणखी दोन भोके पाडून घ्यायची आहेत. तिचा थोरला भाऊ मनगटावर काही तरी गोंदवून घेण्याचा आपला बेतही त्याच ओघात सांगून टाकतो. वडील ताट दूर सारतात; आई ‘आपल्या घरात असली थेरं चालायची नाहीत’ म्हणून विषय मिटवते; आजी मात्र काहीच बोलत नाही. कारण आजीच्या हातावर हिरवट गोंदण आहे, नाकात चमकी आहे आणि कानाच्या ज्या कडेबद्दल हा वाद चालला आहे, तेथे एके काळी बुगडी झुलत असे.

इंदूर असो, बडोदे असो, बेळगाव असो की पणजी, हा प्रसंग आज अनेक घरांतून घडतो. त्यावर नुसते ‘हो’ किंवा नुसते ‘नाही’ म्हणणे सोपे आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वी कातडीखाली नेमके काय घडते आणि त्यातले किती परत फिरविता येते, हे आईबापांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कान टोचणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. कर्णवेधाची गणना षोडश संस्कारांच्या अनेक याद्यांत होते. पुरुषांच्या कानांतही भिकबाळी शोभत असे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय तर याच विषयाला वाहिलेला आहे. मुलाला मांडीवर बसवावे, खेळण्यात त्याचे मन रमवावे, उन्हाचा प्रकाश जेथून आरपार दिसतो त्या जागी पाळी टोचावी, पाळी पातळ असल्यास सुई वापरावी आणि जाड असल्यास आरी, असे तेथे सांगितले आहे. भलत्याच ठिकाणी टोचल्यास वेदना, ज्वर व सूज येते, हा इशाराही तेथे आहे. ‘सोनारानेच कान टोचावे’ या म्हणीच्या मुळाशीही हाच अनुभव आहे. जागा कोणती, हत्यार कोणते आणि हात कोणाचा, हे तीन प्रश्न तेव्हाही महत्त्वाचे होते आणि आजही तेच महत्त्वाचे आहेत.

यांतील जागेचा प्रश्न प्रथम घेऊ. कानाची पाळी मऊ असते, तिला रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणून तेथील जखम साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. वरची कडा कूर्चेची असते. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. त्यामुळे तेथील जखम भरण्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षही लागते. तेथे जंतूंचा शिरकाव झाला तर औषधाचा परिणाम सावकाश होतो, आणि उपचारास उशीर झाल्यास कूर्चा गळून कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. दुकानांतून वापरल्या जाणाऱ्या खटक्याच्या यंत्राने कूर्चा चिरडली जाते. शिवाय अशी बरीच यंत्रे पूर्णपणे निर्जंतुक करता येत नाहीत. त्यापेक्षा एकदाच वापरून फेकून देण्याची पोकळ सुई बरी. बेंबीची जखमही अनेक महिने रेंगाळते. जिभेत घातलेल्या धातूच्या गोळीने दातांचे टवके उडतात व हिरड्या मागे सरतात. काहींच्या कातडीत जखमेच्या जागी मांस वाढून टणक गाठ येते. डॉक्टर तिला कीलॉइड म्हणतात. ही प्रवृत्ती सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांत अधिक आढळते आणि घराण्यातही उतरते. म्हणून घरात कोणाच्या व्रणाची अशी गाठ झाली होती काय, हे आधी विचारून घ्यावे. स्वस्त दागिन्यांतील निकेल हा धातूही अनेकांना सोसत नाही.

गोंदणाचे शास्त्र याहून वेगळे आहे. कातडीचा वरचा थर सतत झिजत असतो आणि साधारण महिन्याभरात नवा होतो. रंग तेथेच राहिला असता तर तोही झिजून गेला असता. म्हणून सुई त्या थराखालच्या जाड थरात रंग सोडते. शरीर त्या रंगकणांना परके मानते व त्यांना गिळण्यासाठी विशिष्ट पेशी धाव घेतात. पण कण पचत नाहीत आणि त्या पेशी रंगासह तेथेच ठाण मांडतात. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, अशी पेशी मेली की तिच्यातून सुटलेला रंग तिच्या जागी आलेली पेशी पुन्हा गिळते. गोंदण टिकते ते असे. लेझरच्या किरणांनी हे कण फोडता येतात खरे. परंतु त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, खर्च गोंदण्याहून पुष्कळ अधिक येतो, हिरवा व पिवळा रंग हटवादीपणाने मागे राहतो आणि कधी कधी कातडीवर फिकट डागही उरतो.

सर्वांत मोठा धोका सुईचा आहे. रक्त लागलेली सुई एकाकडून दुसऱ्याकडे गेली तर हेपॅटायटिस ब व क हे यकृताचे विकार पसरू शकतात. एचआयव्हीचाही संभव असतो. जत्रेत दिव्याखाली बसून एकाच सुईने व एकाच वाटीतील रंगाने ओळीने गोंदून घेणे म्हणजे हा धोका विकत घेणे होय. सुई नुसती पुसून किंवा उकळत्या पाण्यात बुडवून भागत नाही. दाबाखालील वाफेने निर्जंतुक केलेली हत्यारे, डोळ्यांदेखत फोडलेली नवी सुई, रंगाची स्वतंत्र कुपी आणि नवे हातमोजे हवेतच. धनुर्वात व हेपॅटायटिस ब यांच्या लसी आधीच पूर्ण झालेल्या असाव्यात.

शरीराइतकाच प्रपंचाचाही विचार करावा लागतो. बेळगावास मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि त्या पंचक्रोशीतील कितीतरी मुलांचे डोळे सैन्यभरतीकडे लागलेले असतात. सैन्याच्या भरतीविषयक सूचनांनुसार कायमचे गोंदण कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागील बाजूसच चालते. इतरत्र असल्यास उमेदवार बाद होऊ शकतो. परंपरेने गोंदून घेणाऱ्या आदिवासी जमातींपुरता अपवाद ठेवलेला आहे. दंडावर हौसेने गोंदलेले चित्र अशा रीतीने धावण्याच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलालाही परत पाठवू शकते. गोंदून घेतल्यावर बारा महिने रक्तदानही करता येत नाही.

इंग्लंडमध्ये १९६९ सालच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना गोंदण्यास बंदी घातली. भारतात १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय अठरा ठरविले आहे. गोंदणाच्या बाबतीत आईबापांनीही हीच मर्यादा पाळावी, हे युक्त वाटते. सोळाव्या वर्षी प्राणप्रिय वाटणारे नाव वा चिन्ह पंचविसाव्या वर्षी तसेच वाटेल याची हमी कोणी द्यावी? मात्र पाळीतील दुसरे भोक आणि पाठभर गोंदण यांना एकाच तागडीत तोलणे न्यायाचे नाही. भोक पुष्कळदा दागिना काढल्यावर आखडते. गोंदण आखडत नाही. जे परत फिरते त्यात थोडी मोकळीक आणि जे फिरत नाही त्यात विलंब, हे सूत्र मुलांनाही पटण्याजोगे आहे.

विलंब म्हणजे नकार नव्हे. हवे ते चित्र कागदावर काढून वर्षभर भिंतीवर लावून ठेवावे; वर्षाअखेर ते तितकेच आवडले तर बोलणे पुढे न्यावे. तोवर साधी मेंदी आहेच. समुद्रकिनाऱ्यावर ‘काळी मेंदी’ म्हणून जे काढतात त्यापासून मात्र दूर राहावे. त्यात केस रंगविण्याचे तीव्र रसायन मिसळलेले असू शकते आणि त्याने कातडीवर फोड उठतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली काढलेल्या अहवालाचा भरही बंदीपेक्षा मुलांशी आधी बोलण्यावर आणि जागा स्वच्छ आहे की नाही हे तपासण्यावर आहे. कारण उघड आहे: ज्या मुलाला घरी विचारण्याची सोय उरत नाही, ते विचारल्यावाचून जाते आणि जखम चिघळली तरी बाहीखाली झाकून ठेवते. ताप आल्यावर आईला सांगण्याचा धीर त्याला असणे, हेच मोठे संरक्षण होय.

जेवणानंतर ती आजी नातीला जवळ बसवून आपले गोंदण दाखवते. तुळशीवृंदावन आता पसरून ओळखू येईनासे झाले आहे. सुई टोचली तेव्हा ती सात वर्षांची होती, दोघींनी तिचा हात धरून ठेवला होता, आणि तुला हे हवे का, असे तिला कोणीही विचारले नव्हते. नातीचा प्रश्न घरात निदान विचारला तरी गेला आहे. आता त्याला विचार करून उत्तर देणे, एवढेच आईबापांच्या हाती उरते.