पुढचा शब्द सुचतो कसा?



डेव्हनवर ओळखीचं कुणी भेटलं की काय बोलणं होतं आठवा. "काय, कधी आलात?" "हे काय, आत्ताच." "थंडी काय म्हणतेय?" "चाललंय!" यातलं एक तरी वाक्य आपण विचार करून बोलतो का? आणि चॅटजीपीटीबद्दल तक्रार काय, तर 'ते विचार करत नाही हो, नुसता पुढचा शब्द ओळखतं!' आमच्या मित्रमंडळींत यावरून सध्या रणकंदन चालू आहे. निम्मे आयटीवाले, त्यामुळे दोन्ही बाजूंना शंभर टक्के खात्री.

पुढचं ओळखण्याचा खेळ तसा जुनाच. क्लॉड शॅननने १९५१ साली माणसांना इंग्रजी मजकूर देऊन पुढचं अक्षर ओळखायला लावलं होतं. सगळी अक्षरं सारख्याच शक्यतेने येत असती तर दर अक्षरामागे साधारण ४.७ बिट माहिती लागली असती. लांब मजकुरात ती एका बिटच्या आसपासच असावी, असा त्याचा अंदाज निघाला. म्हणजे बाकीचं आपल्याला आधीच ठाऊक असतं! पुढे १९८० मध्ये कुटास आणि हिलयार्ड यांनी लोकांना 'त्याने गरम ब्रेडला मोजे लावले' अशा धर्तीची वाक्यं वाचायला दिली. त्या 'मोज्यां'नंतर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात वेगळी लाट दिसली. कान, डोळे काहीतरी अपेक्षा धरूनच बसलेले असतात, असा त्याचा एक अर्थ लावतात.

मला त्याहून गंमत वाटते ती बेरजेची. किराणा ३६ डॉलर, मिठाई वगैरे ५९. किती? पंच्याण्णव. कसं केलं विचारलं तर आपण शाळेतलं उत्तर देणार: सहा आणि नऊ पंधरा, हातचा एक. प्रत्यक्षात कित्येकांनी साठ धरून एक वजा केलेला असतो. २०२५ मध्ये अँथ्रोपिक कंपनीच्या संशोधकांनी स्वतःच्याच क्लॉड मॉडेलच्या आत डोकावून नेमकी हीच बेरीज पाहिली. आत एक वाट उत्तर साधारण कुठे असेल ते काढत होती, दुसरी फक्त शेवटचा आकडा. पण 'कसं केलंस?' विचारल्यावर साहेबांनी हातच्याचीच रीत सांगितली!

हसू नका. १९७७ मध्ये निस्बेट आणि विल्सन यांनी एक प्रयोग सांगितला होता. स्टॉकिंगच्या चार अगदी एकसारख्या जोड्या मांडल्या, लोकांनी उजवीकडची जास्त निवडली. कारण विचारलं तर वीण, पोत, काय वाट्टेल ते. जागेमुळे निवडली असं कुणीही म्हणालं नाही. स्वतःच्या डोक्यात काय चाललंय हे सांगण्यात आपणही मॉडेलच्याच पंक्तीला.

मग फरक कुठे? एक तर खुराक. लामा ३ या मॉडेलला १५ लाख कोटींहून जास्त शब्द-तुकडे वाचायला लागले. इथे सबर्बमधल्या पोराच्या कानावर मराठी पडते ती आईबाबांची, आणि सहा महिने आलेल्या आजीची. तेवढ्यावर ते 'मी करलं' म्हणतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. 'बसलं', 'हसलं' ऐकून स्वतःच नियम बसवलाय. मॉडेलही नियम काढतं, मान्य, पण इतक्या कमी शिदोरीवर नाही.

दुसरं, जबाबदारी. ज्या रस्त्यावर १९७४ मध्ये पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान निघालं, तिथला कुठलाही दुकानदार हापूसच्या पेटीवर हात ठेवून "ले जाओ, मीठा है" म्हणतो. तेही घोकलेलंच वाक्य. पण त्याने आंबा हुंगलेला असतो, आणि आंबट निघाला तर पुढच्या शनिवारी आपण त्याच्यासमोर उभे असतो.

माझ्या एका मित्राची सांगलीची काकू मध्यंतरी गेली. चुलतभावाला काय लिहावं सुचेना, म्हणून त्याने एआयकडून मजकूर घेतला. शुद्ध मराठी, मृतात्म्यास शांती लाभो, सगळं जागच्या जागी. (आपणही तेच लिहितो म्हणा, तेही न वाचता.) त्याने तो पुसला आणि लिहिलं, "काकूने दिलेल्या सांडगी मिरच्या अजून आमच्या डब्यात आहेत. संपवायचा धीर होत नाही." मिरच्यांचं सांगितलं असतं तर मशीननेही हे लिहिलं असतं, असं त्याचंच म्हणणं. असेल. मिरच्या मात्र त्यालाच आठवल्या.